पॅटर्नचा बाप

शब्दांची कुळं शोधायचा नाद मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लागला. नाद वाईटच, कारण त्याचा घरात कुणाला काडीचा उपयोग नव्हता. आमच्या इंग्रजीच्या सरांकडे एक जाडजूड कोश होता. तो ते वर्गात आणत, टेबलावर आपटत आणि कुणातरी एकाला उठवून विचारत, सांगा, हा शब्द कुठून आला. आम्ही मंगळवार पेठेतली, बावड्यातली, वारणानगरच्या कॉलनीतली मुलं. आम्हीच कुठून आलो ते आम्हाला धड सांगता येत नव्हतं, शब्दाचं काय सांगणार? सरांना आमचं मराठीही पसंत नव्हतं. मुली असून ‘मी आलो, मी गेलो’ म्हणता, याचं त्यांना फार दुःख. कोल्हापुरातल्या मुली तसंच म्हणतात आणि सर पुण्याचे होते, एवढंच त्या दुःखाचं कारण.

एकदा त्यांनी गृहपाठ दिला. आपल्या घरात रोज बोलला जाणारा एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचं कूळ लिहून आणायचं. निम्म्या वर्गानं कप घेतला, उरलेल्यांनी बस. मला विचारच करावा लागला नाही. आमच्या घरात मिठापेक्षा पॅटर्नचं नाव जास्त वेळा निघायचं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ओततात हे सगळ्यांना माहीत असतं, कारण ते बघायला झोकदार असतं. पण ओतायच्या आधी ती वस्तू लाकडात करावी लागते. ती लाकडी वस्तू वाळूत ठेवायची, भोवतीची वाळू ठोकून घट्ट करायची, मग लाकूड अलगद काढून घ्यायचं आणि राहिलेल्या पोकळीत बीड ओतायचं. ते लाकूड म्हणजे पॅटर्न. पंप असो नाहीतर इंजिनाचं चाक, बिडाची प्रत्येक वस्तू आधी सागवानात जन्माला यायची आणि ती आबांच्या हातून यायची. फौंड्री बघायला पाहुणे आले की ओतकामाचे फोटो निघायचे. आबांचा एकदाही निघाला नाही.

कोशात बघितलं तर पॅटर्न हा शब्द दुसऱ्याच एका शब्दाच्या घरात वाढलेला निघाला. तो शब्द पेट्रन, म्हणजे आश्रयदाता. काही शतकांपूर्वी इंग्रज दोन्ही अर्थांना एकच शब्द वापरायचे. पुढं भावकीत वाटण्या व्हाव्यात तसं झालं. एक भाऊ दिवाणखान्यात गेला, दुसरा कारखान्यात. दोघांचं मूळ लॅटिनमधलं ‘पातेर’, म्हणजे बाप, आणि हा पातेर आपल्या संस्कृतातल्या पित्याचा सख्खा चुलतभाऊ. बापावरून पालनकर्ता, पालनकर्त्यावरून धनी, आणि धन्याकडं बघून बाकीच्यांनी वागायचं म्हणून कित्ता, अशी त्याची बढती होत गेली होती.

बाकीच्या देशांत तर त्यानं आणखी उद्योग केले होते. फ्रान्समध्ये दुकानाच्या मालकाला तोच शब्द, आणि शिंपी कापड कापायला जो कागद ठेवतात त्यालाही तोच. स्पेनमध्ये जमीनदाराला तो, आणि ज्याच्याशी ताडून बघायचं त्या प्रमाण मापालाही तोच. इटलीत नुसताच मालक. जर्मनीत मात्र तो चक्क बंदुकीचं काडतूस झाला होता, कारण म्हणे पूर्वी दारू एका ठरावीक साच्यावर गुंडाळून पुडी करत. बाप ही काय चीज आहे ते जर्मनांनीच पुरतं ओळखलं, असं मला त्या वयात वाटलं.

आपल्याकडं या कामाला बापाला कुणी जुंपलेलं नाही. नमुना फारसीतून आला, आणि माणसाला नमुना म्हणताना आपण त्याचं कौतुक करत नसतो. कित्ता अरबीतून आला. तिकडं त्याचा अर्थ तुकडा. आपण तो पोरांना गिरवायला लावून त्यांचा जीव खाल्ला. बूट शिवणाऱ्यांचा फर्मा बहुधा पोर्तुगीजांबरोबर उतरला असावा. म्हणजे घडवायची वस्तू कोल्हापूरची आणि तिचा कित्ता मात्र साऱ्या जगानं मिळून पुरवलेला. मी हे सगळं सहा पानं भरून लिहिलं. सरांनी दहापैकी सात दिले आणि अक्षर सुधारा असा शेरा मारला.

ते सात गुण घेऊन मी आबांपुढं बसले. ते जेवत होते. मी लॅटिनपासून सुरुवात केली. त्यांनी भाकरी कुस्करून आमटीत भिजेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे पॅटर्न म्हंजे बाप?” त्यांनी विचारलं.

“मुळात तसंच.”

“आन् मालकबी त्योच?”

“व्हय.”

“बाप, मालक आन् लाकूड, तिघास्नी एकच नाव? मग त्या लोकांत भांडान झालं तर शिव्या कुनाला घालायच्या?”

आई हसली, मी चिडले, आणि आबांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट फौंड्रीत मालकांना सांगितली, तिखटमीठ लावून. मालकांना ती इतकी आवडली की पुढं ते आबांना कधीकधी ‘काय बापा’ अशी हाक मारायचे.

हे मालक दिसायला रांगडे, बोलायला त्याहून. स्वतः भट्टीवर राबून वर आलेले. आबांचं आणि त्यांचं नातं वीसेक वर्षांचं. पण त्या वर्षी त्यांनी डिप्लोमा झालेला एक तरणा माणूस कामावर घेतला होता. तो ड्रॉइंग इंग्रजीत वाचायचा, खिशाला दोन पेनं लावायचा आणि आबांना ‘अंकल’ म्हणायचा. आबांना त्यातलं शेवटचं जास्त लागायचं. तेवढ्यात एका नव्या पंपाचं मोठं काम आलं, डझनभर पॅटर्नचं. मालकांनी सरळ सांगून टाकलं, पहिला पॅटर्न मिस्त्री, म्हणजे आबा, करतील. तो बरोबर उतरला तर सगळं काम त्यांचं. नाहीतर पॅटर्न करायचं बाक त्या डिप्लोमावाल्याकडं जाईल आणि मिस्त्रींनी आता घरी आराम करावा. आबा पंचावन्नचे होते आणि आराम या शब्दाची त्यांना शिवीसारखी चीड होती.

आता पट्टीबद्दल सांगायला हवं. बीड थंड होताना आकसतं, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब कोण करत बसणार? त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच खोटी असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेलं असतं, पण ती खरी बारा इंच एक सूत लांब असते. या खोट्या पट्टीनं मापलं की वस्तू खरी उतरते. आबांची अशी एक स्टीलची पट्टी होती. हत्यारं फौंड्रीत ठेवली तर त्यांना पाय फुटायचे, म्हणून ते पट्टी, कॅलिपर आणि दोन पटाशा कॅनव्हासच्या पिशवीत घालून रोज घरी आणायचे.

मी त्या दिवसांत संध्याकाळी शिवणक्लासला जात असे. कागदावर ब्लाउजचं कटिंग आखायला मलाही स्टीलची फूटपट्टी घ्यायला लावली होती. दोन्ही पट्ट्या एकाच फळीवर पडायच्या. एका सकाळी घाईघाईत मी एक उचलून माझ्या क्लासच्या पिशवीत टाकली. उरलेली आबांनी नेली.

त्या पट्टीनं मी मावशीचं ब्लाउज कापलं. छत्तीसला तीन सूत सैल झालं. एका लग्नात मावशी ते घालून चार घास जास्त जेवली आणि सगळ्यांना सांगत सुटली, असं अंगासारखं ब्लाउज आजवर कुणी शिवलं नव्हतं. माझी मान ताठ झाली. आमच्या घराण्यात हात चांगला आहे, असंही कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर आठवड्यानं आबा फौंड्रीतून दुपारीच घरी आले. पंपाचा पहिला नग लेथवर चढवला आणि टर्नरनं हाक मारली. सगळीकडून माप कमी. बाहेरून घासून साफ करायलाही माल उरलेला नव्हता. आबा एवढंच म्हणाले, “उतरला न्हाय.” मग चहा न घेता भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. माझ्या जन्मात त्यांना दिवसाढवळ्या आडवं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळी क्लासला निघाले आणि पिशवीतून पट्टी काढली. टोकाला, बाराच्या आकड्यापुढं, ठसठशीत इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. ही पट्टी बिडासाठी आहे, फुटाला एक सूत. मी ती अक्षरं तीनदा वाचली. सहा पानांचा लॅटिन इतिहास लिहिणाऱ्या बाईला हातातल्या पट्टीवरच्या दोन ओळी महिनाभर दिसल्या नव्हत्या.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? बापाला उठवून सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं तर ते मला मालकांकडं जाऊ देणार नाहीत, सगळा दोष स्वतःवर घेतील. आणि खरं सांगायचं तर मला थोडं नायिका व्हायचं होतं. कॉलेजात इंग्रजी साहित्य वाचलं की असले आजार होतात. सकाळी आबा कुठंतरी बाहेर पडले आणि मी दोन्ही पट्ट्या रुमालात गुंडाळून शिरोलीची बस पकडली. वाटेत भाषण तयार केलं. त्यात पातेरसुद्धा होता. सुदैवानं तो तोंडातून निघाला नाही.

मालक केबिनमध्ये होते. टर्नर समोर उभा होता, डिप्लोमावाला खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहीत होता. मी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एका बाजूनं जुळवून. दुसऱ्या बाजूला आबांची पट्टी सूतभर पुढं आली. मी सांगितलं, चूक आबांची नाही, पट्टी मी बदलली. आवाज चढला होता, पण बोलले सगळं. बोलून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. आता मालक उठतील आणि म्हणतील, पोरीनं वाचवलं बघा बापाला.

मालकांनी आबांची पट्टी उचलली. डोळ्यांजवळही नेली नाही, हातभर लांबच धरली.

“ही अक्षरं दिसत्यात का तुला?”

“दिसतात.”

“मला चाळिशी लागलीया, तरीबी दिसत्यात. वीस वर्सं जी पट्टी हातात हाय, तिच्यावरची अक्षरं गेली, तर तुझ्या बाला का न्हाय दिसलं?”

डिप्लोमावाल्याचं पेन थांबलं. टर्नरनं खाली बघितलं. आणि मला एकदम सगळं आठवायला लागलं. सुईत दोरा ओवायला आबा मला हाक मारायचे. वर्तमानपत्र मला मोठ्यानं वाचायला लावायचे, म्हणायचे, तुझं वाचन सुधारंल. पॅटर्नवरून अंगठा फिरवत बसायचे. मला ती कारागिराची ऐट वाटायची. एकाच घरात राहून मला कळलं नव्हतं की आबांना दिसत नाही.

मालकांनी त्या दोघांना बाहेर पाठवलं. मग मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

आबा आदल्या दिवशी त्यांना काय बोलून गेले होते ते तेव्हा मला कळलं. लाकूड ओलं होतं, वाळल्यावर आकसलं, म्हणून माप कमी आलं, असं त्यांनी सांगितलं होतं. मालक म्हणाले, ठीक आहे, वाळलेलं लाकूड आणा आणि दुसरा करा. सकाळी आबा गेले होते ते वखारीत, सागवान निवडायला.

“तुम्हाला ते पटलं?” मी विचारलं.

“लाकूड आडवं आकसतं, उभं न्हाय. ओल्या लाकडाचा गोल वाळला की लंबुळका हुतो. तुझ्या बाचा गोल चांगला गोल हाय, नुसता बारका. पट्टीच चुकलीया हे मला कालच कळलं हुतं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

मालकांनी बशीत चहा ओतला. “त्यो खोटं बोलला, म्या ऐकून घेतलं. वीस वर्सांत येकदा बोलला. दुसरा पॅटर्न त्यानं कसाबी करून बरोबर केला असता, तुला बसवून, न्हाईतर बायकोला बसवून. मला चाललं असतं. पर आता तू दोन पट्ट्या टेबलावर ठेवल्यास. टर्नरनं बघितलं, त्या पोरानं बघितलं. माहीत असनं येगळं आन् टेबलावर ठेवनं येगळं. आता मी कुठल्या तोंडानं त्याला बाकावर बसवू?”

मी रडले नाही, कारण रडायचाही मला हक्क राहिला नव्हता. चहा तसाच टाकून उठले. मालक हाक मारून म्हणाले, पट्ट्या घेऊन जा. दोन्ही.

परतीच्या बसमध्ये मला स्वतःची इतकी लाज वाटली की कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा त्याच्याकडं बघवेना. खरं बोलल्यावर माणसाला बरं वाटतं, हे ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांच्या बापाला कुणी नोकरीवरून काढलेलं नसावं. मला मालकांचा राग आला, डिप्लोमावाल्याचा आला, अक्षरं ठोकणाऱ्या कंपनीचासुद्धा आला. माझ्यापाशी येऊन तो राग थांबला आणि तिथंच बसला.

आबा अंगणात होते. सागवानाचे दोन ओंडके भिंतीला लावून त्यांच्यावरून हात फिरवत होते. एवढं वाळलेलं लाकूड कोल्हापुरात मिळायचं नाही, असं आईला सांगत होते. चेहऱ्यावर तरतरी आलेली. मी तिथं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

ते ओंडक्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, “दोन्ही पट्ट्या दावल्यास?”

“व्हय.”

“टर्नर हुता?”

“हुता.”

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, कधीपासून दिसत नाही. म्हणाले, दीड वर्ष झालं, धुक्यात बघावं तसं दिसतं. दवाखान्यात गेलं की जाड भिंगाचा चष्मा देणार, आणि तसला चष्मा लावलेल्या पॅटर्नमेकरला कोण काम देतो? म्हणून ते पट्टीवरच्या खाचा नखानं मोजत होते. दीड वर्षात एकही पॅटर्न चुकला नव्हता.

“खाचा तुझ्या पट्टीलाबी हायत्या की,” ते म्हणाले. “नखाला काय कळतंय, बीड हाय का ब्लाउज.”

असं म्हणून ते हसले, आणि मग मात्र मी रडले. आई आतून बाहेर आली, काय झालं म्हणाली, आणि आम्ही दोघांनीही तिला काही सांगितलं नाही. तिला कळायचं ते कळलं असणार, कारण त्या रात्री तिनं कुणालाही जेवायचा आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी आबा रोजच्या वेळेला तयार झाले. पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाले, चल. मी म्हटलं, मी कशाला. ते चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग निघाले. बसमध्ये मला वाटत होतं, ते मला मालकांपुढं उभं करून माफी मागायला लावणार. तशी मी मनातून तयार होते.

ते केबिनकडं गेलेच नाहीत. सरळ पॅटर्नशॉपमध्ये आले. डिप्लोमावाला बाकापाशी उभा होता, अजून बाकाला टेकायचं धाडस न झालेला. आबांनी पिशवी बाकावर ठेवली, पटाशा काढून त्याच्यापुढं मांडल्या आणि कुठली पटाशी कशाला वापरायची, कुठलं लाकूड फसवतं, वाळूतून पॅटर्न निघताना वाळू तुटू नये म्हणून बाजू किती तिरकी ठेवायची, हे सांगायला सुरुवात केली. तास-दीड तास सांगत होते. तो ‘अंकल’ म्हणाला नाही, ‘मिस्त्री’ म्हणाला. हळूहळू मोल्डर आले, टर्नर आला, दारात मालकही येऊन उभे राहिले. कालचं सगळ्यांना कळलेलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

आबांनी सांगायचं थांबवलं. हात पुढं करून चाचपत माझा खांदा शोधला. इतके दिवस चारचौघांत ते असे कधी चाचपडले नव्हते. मग मला सगळ्यांच्या समोर पुढं ओढलं.

“ही माझी पोरगी,” ते म्हणाले. “हिची नजर चांगली हाय.”